तळहाताएवढे चित्र आणि त्याचा हिशेब

सुगी उरकली, खळे झाले, की घरात थोडी उसंत मिळते. या दिवसांत घरबसल्या काही करता येईल का, असे गावोगावच्या आयाबहिणी मला विचारतात. मी शेतीखात्याचा माणूस. कोंबड्या, शेळ्या, गांडूळखत हे माझे नेहमीचे उत्तर. पण आज एका वेगळ्याच जोडधंद्याविषयी लिहिणार आहे. तळहातावर मावेल एवढ्या कागदावर हाताने चित्र काढायचे, आवडले तर दुसऱ्याशी बदलायचे आणि जमले तर विकायचे. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण या पोरखेळात मी दोनदा चुकलो आहे. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हा लेख.

वामनाचा पंजा

माझी आजी सावंतवाडीकडची. लग्नात तिच्याबरोबर एक लाकडी डबी आली होती. डबीत गोल पाने, हाताने रंगवलेली आणि लाखेने चकचकीत केलेली. हा दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने. एकूण एकशेवीस. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. तिघे खेळायला बसले की प्रत्येकाला चाळीस पाने येत. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही पोरे तेव्हा काडेपेटीचे छाप जमवत असू आणि आपसांत बदलत असू. एका मुलाने वीस छाप देऊ केले आणि मी त्याला डबीतले एक पान देऊन टाकले. राजा नव्हे, वजीर नव्हे, साधा वामनाचा पंजा. एवढ्या पानांत एकाने काय होते, असे मला वाटले. आषाढात पाने वाटायला घेतली तेव्हा आजीच्या हातात एकोणचाळीसच आली. तिने दोनदा मोजली. मी कबूल झालो. ती रागावली नाही. पाने डबीत भरली, डबी फडताळात ठेवली आणि पुन्हा कधी काढली नाही. हातची वस्तू देताना ती पुन्हा मिळणार नाही हे आधी पाहावे, हा धडा मी तेव्हा शिकलो.

हा खेळ आला कुठून?

गंजिफा आपल्याकडे इराणी वळणाच्या दरबारांतून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघली डावात आठ रंगांची शहाण्णव पाने असत. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले आणि डाव एकशेवीस पानांचा केला. पुढे छापील पत्ते स्वस्त झाले आणि हाताने पाने रंगवणारे चितारी मागे पडले. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात उरलेल्या वृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. म्हणून ती जगली. आजही त्या राजवाड्यात कारागीर पाने रंगवताना दिसतात. पुण्यात आलात तर बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुन्या काळचा गंजिफा पाहायला मिळेल. पोरांना अवश्य दाखवा.

जगात अन्यत्रही असा छंद आहे. १९९७ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात श्टिर्नेमान नावाच्या चित्रकाराने बाराशे चिमुकली कार्डे स्वतः काढून मांडली आणि शेवटच्या दिवशी लोकांना सांगितले, तुम्हीही कार्ड काढून आणा आणि माझ्याशी बदला. तिथून ही चाल पसरली. नियम दोनच. कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब असावे, आणि ते विकायचे नाही, बदलायचे. पुढे २००४ च्या सुमारास त्याच मापाची कार्डे विकण्याचीही रीत पडली. बदलायचे ते वेगळे आणि विकायचे ते वेगळे, ही वाटणी मला पटते. घरच्या पोरांनी आपली कार्डे बदलावीत. पैशाचा व्यवहार मोठ्यांनी करावा.

कागद कोणता घ्यावा?

आमच्या पुणे जिल्ह्याला कागद नवा नाही. जुन्नरचा हातकागद एके काळी दप्तरांत चालत असे. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या शेजारी हातकागद संस्था आहे. ती १९४० साली सुरू झाली आणि तिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. मी विद्यार्थी असताना त्या बाजूने जाताना हौदातून चाळणी उचलून कागद धरणारे कामगार पाहत उभा राहत असे. तिथला कागद झाडाचा नव्हे, सुती चिंध्यांचा. चिंध्या निवडायच्या, कापायच्या, पाण्यात कुटून लगदा करायचा, चाळणीवर धरायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचे. कापसाचा धागा लांब असतो, म्हणून हा कागद चिवट होतो. रंगाचे पाणी पडले तरी सहसा फाटत नाही.

बावीस बाय तीस इंचाचा ताव घेतला आणि चारी कडांचा खरबरीत भाग अर्धा-अर्धा इंच काढला, तर एकवीस बाय एकोणतीस इंच उरतात. कार्डाची लांबी तावाच्या रुंदीकडे धरली तर सहासष्ट कार्डे निघतात, उलट धरली तर चौसष्ट. म्हणून आधी पेन्सिलीने आखा आणि मग पट्टी लावून कापा.

कार्ड जाड हवे असेल तर दोन कागद एकमेकांवर चिकटवा. खळ घरीच होते. चिंचोके भाजून टरफले काढा, रात्रभर भिजवा, वाटा आणि पाणी घालून मंद आचेवर शिजवा. पिठाच्या खळीला कसर लागते, म्हणून पुस्तके बांधणारे तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. बोर्डो मिश्रणाचा मोरचूद तो हाच. तो विषारी आहे. त्याचे भांडे वेगळे ठेवा, पोरांच्या हाती देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. चिकटवलेले कागद सपाट फळीखाली रात्रभर दाबून ठेवा, नाहीतर कार्ड पापडासारखे वळते. पावसाळ्यात तयार कार्डे पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवावीत.

चित्र आपलेच असावे

माझी दुसरी चूक इथे घडली. शहराजवळच्या एका गावातील आठ जणींचा बचत गट होता. त्यांनी दिवाळीसाठी तीनशे कार्डे काढली. कॅलेंडरवरचे देव पाहून पाहून काढले होते. शहरात एका दुकानदाराकडे ती ठेवायला मीच सांगितले. चिठ्ठी घ्या, असे मात्र सांगितले नाही. ओळखीचा माणूस आहे, असे मला वाटले. दिवाळीनंतर निम्मी कार्डे परत आली, तीही ओल लागून डागाळलेली. उरलेल्यांचे पैसे आजपर्यंत आले नाहीत. गटाच्या खात्यातून कागद-रंगाचे पैसे गेले होते. एका ताईने मला विचारले, "साहेब, बियाणे घेताना पावती घ्या म्हणून तुम्हीच सांगता ना?" मी मान खाली घातली.

परत आलेली कार्डे पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कॅलेंडरवरचा देव गिऱ्हाइकाला दोन रुपयांतही मिळतो. तो हाताने काढलेला कोण घेणार? शिवाय दुसऱ्याचे चित्र उचलून विकणे कायद्यालाही धरून नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या नजरेतली चित्रे काढली. ज्वारीचे कणीस, बैलपोळ्याची झूल, विहिरीवरचा पंप, चुलीवर फुगलेली भाकरी. पुण्यातील एका जत्रेत त्यांनी ती मांडली आणि शहरातल्या बायका थांबून म्हणू लागल्या, आमच्या माहेरी अशीच चूल होती. ती कार्डे खपली. कार्डाच्या मागे काढणारीचे नाव, तारीख आणि क्रमांक लिहायला विसरू नका. गिऱ्हाईक हाताने काढलेल्या कामाचे पैसे देते, तेव्हा ते कोणाच्या हातचे हे त्याला कळले पाहिजे.

किंमत कशी ठरवावी?

फावल्या वेळातले काम म्हणून मजुरी धरायची नाही, ही आपल्याकडील मोठी चूक. दुधाच्या हिशेबातही घरच्या माणसाची मजुरी आपण सोडून देतो आणि मग धंदा बुडाला म्हणतो. एक उदाहरण घेऊ. समजा एका कार्डाला कागद, रंग आणि पाकीट मिळून सहा रुपये लागले. काढायला चाळीस मिनिटे गेली. आठ तासांची मजुरी चारशे रुपये धरली तर तासाला पन्नास झाले, म्हणजे चाळीस मिनिटांचे तेहतीस. बिघडलेली कार्डे आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून सहा रुपये. एकूण पंचेचाळीस. याखाली विकाल तर तोटा तुमचाच. दुकानदार निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवणार असेल तर दुकानातील किंमत नव्वद हवी. तेवढ्याला ते खपणार नसेल, तर चित्र सोपे करून वेळ वाचवा किंवा स्वतः विका. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

दुकानात माल ठेवाल तेव्हा चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या : किती नग दिले, दर काय, पैसे किंवा माल परत कधी, आणि खराब झाला तर भरपाई कोणाची. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. एक प्रत गटाकडे ठेवा.

आणि एक सांगून टाकतो. हा धंदा शेतीची जागा घेणार नाही. घरात रंगाची आवड असेल, दिवसातला तास-दीड तास मिळत असेल, तरच हात घाला. कर्ज काढून तर मुळीच नको. एक ताव, सहा रंगांच्या बाटल्या आणि दोन कुंचले एवढ्यावर आरंभ करा. पहिली दहा कार्डे शेजारपाजारी बदलून पाहा. दुसऱ्याने आपल्या कार्डाच्या बदल्यात स्वतःचे आवडते कार्ड दिले, तर आपला हात बसला असे समजा. मगच विक्रीचे पाहा.

गेल्या दिवाळीत आजीची डबी मी त्या गटाकडे नेली. वामनाचा चौका आणि छक्का शेजारी ठेवून त्या ताईने पंजा रंगवून दिला. नवा रंग जुन्यापेक्षा थोडा उजळ दिसतो, तेवढा फरक राहिला. मी किंमत विचारली. ताईने वही काढली, वेळ मांडली, कागद मांडला, लाखेचा खर्च मांडला आणि एकशेदहा रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही. पैसे दिले आणि पावती मागण्याआधीच तिने ती फाडून माझ्या हाती ठेवली.

आता डबीत एकशेवीस पाने आहेत. आजी नाही, पण नातवंडांना खेळ शिकवायला घेतला आहे. तुमच्याही घरच्या फडताळात असे काही जुने हातकाम पडले असेल, तर आधी ते मोजून घ्या आणि पोरांना दाखवा. नवे काय काढावे हे बहुधा त्यातूनच सुचेल.