पाडव्यापूर्वीची घरझाडणी

होळीची राख थंड होते न होते तोच आर. के. पुरममधील गच्च्यांवर आणि सज्जांच्या कठड्यांवर रजया दिसू लागतात. कडुनिंबाची जुनी पाने रस्त्यांवर सड्यासारखी पसरलेली असतात, ऊन अजून अंगाला सोसवते, आणि लू वाहू लागण्यास अवकाश असतो. पुढे मे महिन्यात धुळीची वादळे सुरू झाली म्हणजे खिडकी उघडण्याचीही सोय उरत नाही. तेव्हा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा हा पंधरवडाच काय तो असा, की ज्यात सारे घर मोकळे करून त्यातला प्रत्येक कोपरा उन्हाला दाखवता येतो.

महाराष्ट्रातून येथे आलेल्या कुटुंबांना ही गोष्ट समजण्यास काही वर्षे लागतात. आपल्याकडे मोठी साफसफाई दसरा-दिवाळीच्या तोंडावर होते, आणि तिकडे तेच योग्य आहे. चार महिन्यांच्या पावसाने भिंतींना ओल आलेली असते, कपड्यांना बुरशीचा वास लागलेला असतो. आश्विनाच्या उन्हात ते सारे निवारता येते. दिल्लीत दिवाळीसाठी पुसलेल्या खिडक्या आठ दिवसांत पुन्हा काळवंडतात. शेतातल्या जाळलेल्या खुंटांचा, वाहनांचा आणि फटाक्यांचा धूर येथे थंडीच्या दिवसांत जमिनीलगत कोंडून राहतो आणि तोच घराघरांत उतरतो. पंख्याच्या पात्यांवर आणि दारांच्या चौकटींवर साचलेला तेलकट काळा थर हा त्याचा पुरावा होय. म्हणून दिवाळीला वरवरची आवरासावर करावी आणि वर्षाची खरी झाडणी फाल्गुनासाठी राखावी, असे मी अनुभवाने ठरविले आहे.

थंड देशांत वसंतातच घर धुण्याची प्रथा का पडली, याचेही उत्तर बहुधा येथेच सापडते. कोळशाच्या शेगड्या आणि तेलाचे दिवे यांची काजळी हिवाळाभर बंद घरात साचत असे. दारे उघडण्याजोगी हवा झाली की ती काढणे भागच होते. इराणात नवरोजपूर्वीच्या साफसफाईला ‘खाने तकानी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः घर हलविणे, झटकणे. नवरोज येतो २०-२१ मार्चच्या सुमारास, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागेच. इतक्या दूरच्या गृहिणी त्याच दिवसांत सतरंज्या झटकीत असतात, हे मनात आले की पोतेरे थोडे हलके वाटते.

परंतु अडचण अशी की हाच काळ खर्चाचा. येथील शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते. फी, पुस्तके, गणवेश आणि बूट यांची यादी होळीच्या आधीच हाती पडते. आमच्या दोन्ही मुलांचा हा खर्च भागवून यंदा घरझाडणीसाठी पाचशे रुपये उरले. हल्ली माणसे आणि यंत्रे पाठवून एका दिवसात घर चकाचक करून देणारे मिळतात, पण त्यांचा आकार आमच्या आवाक्यातला नव्हे. शिवाय घर सरकारी. आज ना उद्या सोडावयाचे, त्यावर पैसे का घालावेत, असा प्रश्न आमच्या जिन्यात दरवर्षी निघतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून मी पैसे भिंतींवर न घालता, जे आपल्याबरोबर पुढच्या गावी येणार त्यावर घालते: पांघरुणे, लोकरीचे कपडे, भांडी, पुस्तके.

आरंभ पुसण्याने करू नये, काढण्याने करावा. माझा व्यवसाय भाषांतराचा. घरात जुनी मुद्रिते आणि वर्तमानपत्रे यांचा डोंगर असतो. इकडे ज्याला कबाडीवाला म्हणतात त्याला बोलावून रद्दी, फुटक्या बादल्या आणि एक गंजलेली खाट दिली, तेव्हा तीनशे वीस रुपये हाती आले. धुण्याचा सोडा, रिठे, लिंबे, नवा कुंचा आणि थोडा चुना यांचा खर्च त्यातूनच निघाला. मुलांची गेल्या वर्षीची पुस्तके मात्र रद्दीत घातली नाहीत. तळमजल्यावरच्या मुलीला ती यंदा लागणार होती.

मग सासूबाईंची ट्रंक निघाली. तीन बदल्यांत ती गावोगाव हिंडली होती, पण उघडली गेली नव्हती. सासरे गेल्यानंतर त्यांचा लोकरी कोट सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तिच्यात ठेवला होता. कुलूप काढून तो उलगडला, तर पाठीचा भाग चाळणीसारखा झालेला. कसरीच्या अळ्यांनी कॉलर आणि बाह्यांच्या कडा तर पार खाऊन टाकल्या होत्या. सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “धुऊन ठेवला असता तर राहिला असता गं. त्यांचा वास जाऊ नये म्हणून तसाच ठेवला.”

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. कसरीला घामाचे आणि अन्नाचे डाग लागलेली लोकर विशेष प्रिय. कपडा वरवर स्वच्छ दिसला तरी तो धुतल्यावाचून बांधून ठेवू नये. रिठ्याच्या कोमट पाण्यात लोकर न पिळता धुवावी, सपाट पसरून सावलीत वाळवावी, पूर्ण कोरडी झाल्यावरच घडी करावी. रजया धुता येत नाहीत; त्यांना दोन्ही बाजूंनी चार-चार तास कडक ऊन द्यावे आणि निवल्यावरच बांधावे, कारण गरम रजई पेटीत कोंडली की आत दमटपणा धरतो. वाळलेला कडुनिंब घड्यांत घालण्याची आपली जुनी रीत स्वस्त आहे. पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. महिन्या-दोन महिन्यांनी पेटी उघडून कपडे झटकावेत. डांबराच्या गोळ्या घालणार असाल तर तान्ह्या मुलांचे कपडे त्यांत ठेवू नका. त्या वाफेने काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होऊन कावीळ होते.

धुळीविषयी एकच गोष्ट सांगते. दिल्लीच्या हिवाळ्यातील धुळीत अडीच मायक्रोमीटरहूनही लहान कण असतात. कोरड्या झाडूने ते जात नाहीत, केवळ उडतात, तासन्‌तास हवेत राहतात आणि फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. तेव्हा ओले फडके वापरावे, आणि वरून खाली यावे. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून तो तसाच मागे ओढला की सारी काजळी अभ्र्यातच राहते, खालच्या गादीवर पडत नाही. स्वयंपाकघरातील तेलकट थराला गरम पाण्यातील धुण्याचा सोडा पुरतो. मात्र ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये, ती काळी पडतात. नळांवर खाऱ्या पाण्याचे पांढरे पापुद्रे धरतात, त्यांवर पिळलेल्या लिंबाच्या साली अर्धा तास बांधून ठेवाव्यात. तांब्या-पितळेला चिंच आहेच.

स्वस्त उपाय एकात एक मिसळले म्हणजे दुप्पट गुण येतो, हा समज मात्र सोडला पाहिजे. गेल्या वर्षी न्हाणीघराच्या फरशीवर मी ब्लीचिंग पावडर पसरली होती. डाग हटेनात म्हणून तिच्यावरच शौचकूप धुण्याचे आम्ल ओतले. क्षणात डोळ्यांची आग झाली, छाती आवळली, आणि मी कशीबशी बाहेर आले. रात्रभर खोकला थांबेना. या दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच. खिडकी उघडी होती म्हणून निभावले. धाकटी मुलगी दारातच उभी होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

भिंतींना सरकारी रंग पाळीपाळीने लागतो. पाळी दूर असेल तर स्वयंपाकघराच्या एखाद्या भिंतीला घरीच चुना द्यावा. कळीचा चुना भिजताना उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे, रात्रभर मुरू द्यावा, फडक्यातून गाळून थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. तैलरंगाच्या भिंतीवर चुना धरत नाही, तेथे श्रम वाया जातात.

श्रमांचाही हिशेब करावयास हवा. पैसे वाचविण्यासाठी सारे काम एकट्या गृहिणीच्या अंगावर पडत असेल, तर ती बचत नव्हे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे; शनिवारची सुटी पुरुषांनाही असते. आमच्याकडे माळा आणि पंखे यजमानांकडे, पुस्तकांची फडताळे मुलांकडे. पुस्तके पुसण्याऐवजी मुले ती वाचीत बसतात आणि एक फडताळ दोन दिवस पुरते, त्याला इलाज नाही.

शेवटी कूलर. तो काम संपत आल्यावर कंटाळून केला जातो आणि म्हणूनच नीट होत नाही. डेंग्यू पसरविणारा एडीस डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची जी मोठी साथ आली, ती पाहिलेली माणसे आमच्या वसाहतीत अजून आहेत. पाणी भरलेली टाकी दिसली की ती दार ठोठावतात. म्हणून केवळ पाणी ओतून टाकी विसळू नये, आतल्या भिंती ताठ कुंच्याने खरडून घासाव्यात, आणि पुढे उन्हाळाभर आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून वाळवावी. गवताच्या नव्या जाळ्या बसविल्या तेव्हा आमच्या पाचशे रुपयांपैकी साठ रुपये उरले.

कोटाचा पुढचा भाग शाबूत होता. सासूबाईंनी तो धुऊन, वाळवून, नातवासाठी कानटोपी बेतली आहे. ती यंदा पेटीत जाईल ती धुतलेलीच.