सरकारी वकील ते सरन्यायाधीश: भूषण गवई यांच्या वाटचालीतून आपण काय घ्यावे?

बाभुळगाव तालुक्यातील एखाद्या गावात जातीय अत्याचाराची घटना घडली की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, गुन्हा दाखल करून घेतो. पुढे खटला उभा राहतो तेव्हा आपल्यातले किती जण न्यायालयात हजर असतात? आणि पीडिताची बाजू मांडणारा सरकारी वकील कोण, हे किती जणांना माहीत असते?

माजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्याकडे आपण याच प्रश्नातून पाहायला हवे. २४ नोव्हेंबर १९६० रोजी शेजारच्या अमरावतीत जन्मलेले गवई हे रिपब्लिकन चळवळीचे नेते रा. सू. गवई यांचे पुत्र. १९८५ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली. १९९० नंतर ते प्रामुख्याने नागपूर खंडपीठात काम करू लागले. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ या काळात ते तेथे सहायक सरकारी वकील व अतिरिक्त सरकारी अभियोक्ता होते. १७ जानेवारी २००० रोजी ते सरकारी वकील व सरकारी अभियोक्ता झाले. २००३ मध्ये उच्च न्यायालयाचे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १४ मे २०२५ रोजी ते देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले आणि २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले.

काय बदलले?

१३ नोव्हेंबर २०२४ च्या 'बुलडोझर' निकालात त्यांच्या खंडपीठाने बजावले की, केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही. आधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागेल. त्यांच्याच कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचारी भरती व बढतीत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना ७.५ टक्के आरक्षणाची बिंदुनामावली लागू झाली. मात्र उच्च व सर्वोच्च न्यायालयांतील न्यायाधीशांच्या नेमणुकीत आजही आरक्षण नाही.

सगळेच निर्णय आपल्याला पटले, असेही नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरण निकालात त्यांनी अनुसूचित जाती-जमातींनाही क्रीमी लेयर लावावा, असे मत नोंदवले. त्या निकालाविरोधात २१ ऑगस्टला भारत बंद झाला. आमचाही या मताला विरोध आहे, कारण हे आरक्षण गरिबीवरचा उपाय नसून अस्पृश्यतेतून आलेल्या बहिष्कारावरचा उपाय आहे. माणूस आपला म्हणून टीका करायची नाही, आणि एक मत पटले नाही म्हणून सगळे काम नाकारायचे, ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत.

सरकारी वकिलाचे महत्त्व

पोलिसांनी गोळा केलेला पुरावा न्यायालयापुढे मांडणे, साक्षीदार तपासणे, जामिनाला विरोध करणे ही कामे सरकारी वकिलाची. त्याने हलगर्जी केली तर खरा गुन्हाही सिद्ध होत नाही. म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ मध्ये किमान सात वर्षे वकिली केलेल्या विशेष सरकारी वकिलाची तरतूद आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ४(५) नुसार पीडिताची इच्छा असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतात. कलम १५अ नुसार जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तेथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला आहे. हे अर्ज लिहून देणे, हे गावातल्या कार्यकर्त्याचे काम आहे.

तरुणांसाठी

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्यांसमोर दोन वाटा आहेत. तालुका न्यायालयात खटले चालवणाऱ्या सहायक सरकारी अभियोक्त्यांची निवड लोकसेवा आयोगामार्फत होते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी मात्र आता तीन वर्षांची वकिली सक्तीची आहे. हा २० मे २०२५ चा निकालही गवई यांच्याच खंडपीठाचा. घरची ऐपत नसलेल्या मुलामुलींना ही तीन वर्षे जड जाणार. कनिष्ठ वकिलाच्या तुटपुंज्या मिळकतीत ती काढायची कशी? इथेच समाजाने उभे राहायला हवे. भीमजयंतीच्या वर्गणीतला एक वाटा अशा एका नवख्या वकिलाच्या पुस्तकांसाठी आणि प्रवासासाठी बाजूला काढता येईल.

बाबासाहेब स्वतः वकील होते. संविधान त्यांनी आपल्या हाती दिले. ते न्यायालयात उभे राहून चालवणारी माणसे तयार करणे आता आपल्यावर आहे.

जय भीम!