वावटळीतली दोघं

मागच्या लेखांकात चित्रकार जेरिकोच्या चित्रातली तराफ्यावरची माणसं पाहिली. जेरिको ज्या गेरँच्या चित्रशाळेत शिकला, तिथंच त्याच्या मागोमाग आणखी दोन तरुण आले: देलाक्रा आणि आरी शेफर. देलाक्रा आजही सर्वांना ठाऊक आहे. शेफरचं नाव निघालं तर अभ्यासकांच्या बैठकीतच. पॅरिसकरांनी मात्र एके काळी त्याला डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याला मोठं कारण होतं १८३५ साली सालोंच्या प्रदर्शनात लागलेलं ‘फ्रान्चेस्का दा रिमिनी’ हे तैलचित्र.

गोष्ट तेराव्या शतकातल्या इटलीची. रावेन्नाच्या पोलेन्ता घराण्यातली फ्रान्चेस्का रिमिनीच्या मालातेस्तांकडे दिली गेली. नवरा जान्चोत्तो, जीव मात्र जडला दिरावर, पाओलोवर. एकदा दोघं लान्सलॉट आणि ग्विनेव्हिर राणीची प्रेमकथा वाचत बसली होती. चुंबनाचा प्रसंग आला आणि त्या दिवशीचं वाचन तिथंच संपलं. पुढे नवऱ्यानं दोघांनाही ठार केलं.

हे सारं आपल्यापर्यंत आलं ते दान्तेमुळे. ‘इन्फेर्नो’च्या पाचव्या सर्गात वासनेच्या आहारी गेलेल्यांना अखंड वादळ गरागरा फिरवत असतं. त्या वादळातही ही दोघं एकमेकांना सोडत नाहीत. फ्रान्चेस्का बोलते, पाओलो नुसता रडतो, आणि ऐकता ऐकता दान्ते शुद्ध हरपून कोसळतो. गंमत अशी, की तिला नरकात धाडणारा हा कवी आयुष्याची अखेरची वर्षं रावेन्नात, तिच्याच भाच्याच्या आश्रयाला राहिला आणि १३२१ साली तिथंच वारला.

चित्रकारांना या कथेत मोह पडायचा तो खुनाआधीच्या क्षणाचा. आंग्रनं तो पुन्हा पुन्हा रंगवला. त्याच्या १८१९च्या चित्रात पाओलो मान लांबवून फ्रान्चेस्काच्या गालाशी ओठ नेतो आहे, तिच्या हातून पुस्तक निसटतं आहे आणि मागच्या पडद्याआडून नवरा तलवार उपसून निघाला आहे. रंगकाम अप्रतिम, पण प्रसंग पाहून भीती वाटण्याऐवजी किंचित हसूच येतं. नाटकात नको त्या वेळी पडदा सरकावा, तसं.

शेफरनं पुस्तक, तलवार, नवरा, महाल हे सगळंच गाळलं. सव्वादोन मीटरांहून रुंद अशा त्या कॅनव्हासवर उरतो तो जवळजवळ रिकामा काळोख, आणि त्यातून तिरकी वाहत जाणारी दोन फिकट शरीरं. फ्रान्चेस्का पाओलोला घट्ट बिलगली आहे, तिचे मोकळे केस खाली ओघळले आहेत. दोघांभोवती पांढरं वस्त्र लपेटलं आहे. वारा कुठंच रंगवलेला नाही, तो कळतो त्या वस्त्राच्या ओढीवरून. अंगावरची जखमही इतकी लहान, की शोधावी लागते. उजवीकडे अंधारात दान्ते आणि नरकातला त्याचा वाटाड्या व्हर्जिल उभे आहेत. दान्ते इथं कोसळत नाही, तो पाहत राहतो. चित्रासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाचं काम शेफरनं आधीच कुणाला तरी देऊन ठेवलं आहे, आणि चित्राची खरी करामत यातच आहे.

हे चित्र गेलं ऑर्लिअन्सच्या ड्यूककडे, म्हणजे राजा लुई-फिलिपच्या थोरल्या मुलाकडे. शेफर राजाच्या मुलांना चित्रकला शिकवायचा, त्यामुळे ही ओळख जुनी. हा ड्यूक १८४२ साली घोडागाडीच्या अपघातात गेला. हातोहात फिरत ते चित्र आता लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. शेफरनं पुढे त्याच रचनेच्या आणखी आवृत्त्या काढल्या. १८५५ची एक लूव्हरमध्ये आहे. कोरीव छापांमुळे ती प्रतिमा दूरवर पोहोचली.

एवढं कौतुक कवी आणि कलासमीक्षक बोदलेरला सहन होणं शक्यच नव्हतं. १८४६च्या सालोंवर लिहिताना त्यानं शेफरला भावनेची माकडचेष्टा करणाऱ्यांत बसवलं. नंतरच्या, आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या धार्मिक चित्रांना हा टोला बरोबर बसतो. फ्रान्चेस्काच्या चित्राला तो लावणं मात्र अन्याय आहे. तिथं कुणी आकाशाकडे पाहतच नाही.

पुढे शिल्पकार रोदँनं आपल्या ‘नरकद्वार’ या शिल्पासाठी हीच जोडी घडवली. पण ती इतकी सुखात दिसू लागली, की नरकात शोभेना, म्हणून त्यानं ती दारातून काढून स्वतंत्र उभी केली. लोक तिला ‘चुंबन’ म्हणून ओळखतात. पाओलोच्या हातातलं पुस्तक फार थोड्यांच्या नजरेस पडतं. त्या दाराची हकिकत पुढच्या आठवड्यात.