आम्ही मागच्या बाकावर बसतो

आम्ही दोघी नणंद-भावजय. एक साताऱ्यात, एक सांगलीत. दोघीही हायस्कूलच्या वर्गात रोज पाच तास बसतो, पण आम्ही ना विद्यार्थी, ना शिक्षक. मुले कधी मॅडम म्हणतात, कधी मावशी. आमच्या कामाला शब्द आहे 'मदतनीस'. मुंबई-पुण्याच्या मोठ्या शाळांत याच कामाला 'शॅडो टीचर' म्हणतात आणि पगार बहुधा मुलाचे आईवडीलच देतात. आमच्याकडे कुणी मानधनावर असते, कुणाला पालक वर्गणी काढून देतात, आणि पुष्कळ ठिकाणी मदतनीस म्हणजे मुलाची आईच असते. व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन घंटा वाजायची वाट पाहत बसलेली.

गेल्या ईदला एकत्र जमलो तेव्हा शीरखुर्म्याच्या वाट्या हातात तशाच राहिल्या आणि आम्ही तासभर याच कामाचे बोलत बसलो. घरचे म्हणाले, एवढे बोलता तर लिहून काढा. म्हणून हे.

साताऱ्याचा मुलगा आमच्याकडे आला तेव्हा आठवीत होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे हातापायांचे स्नायू त्याचे ऐकत नाहीत, बोलणे जड येते. बुद्धीला काही झालेले नाही. गणितात तो वर्गात पहिल्या पाचांत. पण तोंडातून लाळ येते म्हणून नवीन माणूस त्याच्याशी बोलताना आवाज मोठा करतो, जणू त्याला ऐकूच येत नाही.

पहिले वर्ष आम्ही चुकीचे काम केले, हे आधी सांगून टाकतो. आम्ही त्याच्या शेजारी बसलो. फळ्यावरचे उतरवून दिले, पेन्सिल पडली की उचलली, पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले. वाटायचे, किती मन लावून करतोय. हळूहळू असे झाले की सर प्रश्न त्याला न विचारता आम्हाला विचारू लागले, "त्याला समजलं का?" एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, हा क्रिकेटचा स्कोअर ठेवेल का?" तो समोर बसलेला असताना! आम्ही म्हटले, "त्यालाच विचार." त्याने विचारले. 'हो' म्हणायला त्याला अर्धा मिनिट लागला. तो अर्धा मिनिट तिघेही थांबलो. त्या दिवसानंतर आम्ही उठून मागच्या बाकावर गेलो आणि त्याच्या शेजारची जागा वर्गातल्या मुलांना मोकळी केली. पेन्सिल पडली तर आता शेजारचा उचलतो, किंवा नाही उचलत. मग तो ओरडतो. दहावीपर्यंत त्यांची चांगली भांडणे होऊ लागली होती. आम्हाला त्याचा आनंद झाला.

मदत किती करायची, हा या कामातला खरा हिशेब आहे. हात धरायचाच असेल तर मनगटाला न धरता कोपराला आधार द्यावा, म्हणजे अक्षर त्याचे राहते. दहा गणिते असतील तर त्याला पाच द्यावीत, पण सोपी पाच नव्हेत. वही उतरती राहावी म्हणून लाकडाची तिरपी पाटी आम्ही सुताराकडून करून घेतली. कागद सरकू नये म्हणून तिला वर क्लिप लावली. एवढ्याने त्याचा एक तास वाचला.

हायस्कूलमध्ये एक गोष्ट अशी येते जी प्राथमिक शाळेत नसते. मूल मोठे होते. आठवीनंतर मुलाला स्वच्छतागृहात न्यायला बाईमाणूस त्यालाही नको असते. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी हे काम कुणी न सांगता आपल्याकडे घेतले. त्यांच्या ड्युटीत ते कुठेच लिहिलेले नाही.

सांगलीच्या मुलीचे उलटे. ती बौद्धिकदृष्ट्या थोडी मागे आहे, चौदा वर्षांची, आठवीत. पाळी सुरू झाली आणि घरात ठरले की आता शाळा बास. तिच्या फूफीने आम्हाला स्पष्ट सांगितले, "बाजी, डाग पडला तर सगळा मोहल्ला बोलेल. घरात बसलेली बरी." रागवायचे कारण नव्हते. भीती खरी होती. आम्ही वाद न घालता तीन महिने मागितले. एक छोटी थैली शिवली, त्यात पॅड, कागदी पिशवी आणि जादा चड्डी. पॅड कसे बदलायचे याची चार चित्रे काढून थैलीच्या आत लावली. घरी तिची अम्मी आणि शाळेत आम्ही, रोज एकच क्रम, तेच शब्द. कॅलेंडरवर लाल ठिपका ती स्वतः लावायला शिकली. दुसऱ्या महिन्यात एकदा गडबड झाली. वर्गातल्या दोन मुली तिच्याभोवती ओढणी धरून उभ्या राहिल्या आणि तिला बाहेर घेऊन आल्या. त्या मुलींना आम्ही काहीही शिकवलेले नव्हते. ती नववीत गेली.

सांगलीतच एक स्वमग्न मुलगा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले तेव्हा तो लहान होता. त्याचे घर पाण्यात गेले, आणि तेव्हापासून आयर्विन पुलाजवळची पातळी हा त्याचा ध्यास झाला. पावसाळ्यात वर्गात आल्या आल्या विचारतो, "आज किती फूट?" उत्तर मिळेपर्यंत दुसरे काही सुरू होत नाही. कुणी म्हणे, ही सवय मोडा. आम्हाला ते पटले नाही. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीच्या पोराला पाठ असतेच. त्यावरच आम्ही वजाबाकी घेतली, मग आलेख घेतला. आज ३१ आहे, इशाऱ्याला किती कमी? रोज दीड फूट वाढले तर किती दिवसांत? गणिताच्या सरांनी एकदा त्यालाच फळ्यावर आलेख काढायला बोलावले. त्याने काढला, अक्षांना नावे दिली, आणि शेजारच्या मुलाने वहीत चूक केली म्हणून तासभर अस्वस्थ राहिला.

मिरगीबद्दल मात्र अगदी थोडक्यात, कारण यात चूक झाली तर महागात पडते. वर्गात मुलाला झटका आला की कोणीतरी कांदा शोधतो, कोणीतरी चप्पल हुंगवायला धावतो. यातले काहीही करू नका. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली दप्तर ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबले नाही किंवा लागोपाठ दुसरा झटका आला तर थेट दवाखाना.

आता कागदपत्रांचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शाळा 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही. समग्र शिक्षा योजनेतून प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये दहा महिने, अशा तरतुदी आहेत. रक्कम लहान आहे. पण ती घ्यायला दाखला लागतो, आणि आपल्या घरांत गाडी नेमकी इथे अडते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, म्हणजे आपले दोन्हीकडचे सिव्हिल. दाखल्यासाठी आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तपासणी कोणत्या वारी, हे विचारून जावे, नाहीतर मजुरी बुडते आणि काम होत नाही.

दाखला नको म्हणणारे पालक भेटतात. "अल्लाहने जसं दिलं तसं दिलं, त्यावर शिक्का कशाला?" असे एका अब्बांनी विचारले. मुलीच्या लग्नाची काळजीही त्यामागे असते. आम्ही म्हणतो, शिक्का मुलावर नाही, सरकारवर आहे. कधी पटते, कधी नाही.

आणि आमचे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवले की माध्यमिकला १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. पण विशेष शिक्षक म्हणजे पदविका, पदवी घेतलेला, भारतीय पुनर्वास परिषदेत नोंद असलेला माणूस. वर्गात रोज बसणारी मदतनीस त्या हिशेबात येत नाही. मे महिन्याचे मानधन आम्हाला कधी मिळालेले नाही. एका वर्षी दिवाळीपर्यंत एक पैसाही आला नव्हता. हे काम करायचे म्हणणाऱ्या मुलींना आम्ही आधी हे सांगतो, मग सांगतो की जमले तर विशेष शिक्षणाची पदविका करा.

साताऱ्यात बसून असे वाटते की हे सगळे फार नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे बोर्डिंग काढले तेव्हा सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवणे हेच लोकांना अशक्य वाटत होते.

तो साताऱ्याचा मुलगा दहावीत गेला तेव्हा लेखनिकाचा प्रश्न आला. सगळ्यांना वाटले, मदतनीस आहेच की, तीच लिहील. तसे चालत नाही. लेखनिक खालच्या इयत्तेतला विद्यार्थी हवा, आणि परवानगी शाळेमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडून घ्यावी लागते. सवलत अशी की दर तासाला २० मिनिटे जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. फॉर्म भरतानाच हे सगळे सुरू करावे, जानेवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही.

नववीतला एक मुलगा तयार झाला. त्याची आई नाराज होती, स्वतःचा अभ्यास बुडेल म्हणून. दिवाळीनंतर दोघे रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसायचे. सांगणाऱ्याला वाक्य छोटे करायला शिकावे लागले आणि लिहिणाऱ्याला गप्प बसायला. भूमितीला सगळ्यांत वेळ लागला. 'बिंदू क मधून लंब काढ' म्हटल्यावर लिहिणाऱ्याने आपल्या मनाने दुसरीकडून काढला की हा टेबलावर मूठ आपटायचा.

पेपरच्या दिवशी आम्हाला फाटकाच्या आत प्रवेश नव्हता. मार्चचे ऊन, रोजा होता, आम्ही आणि त्याची अम्मी लिंबाच्या झाडाखाली बसलो. बाकीची मुले बाहेर पडली, रिक्षा निघून गेल्या, चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. आणखी एक तास. मग तो वॉकर ढकलत आला, मागे लेखनिक दोघांची दप्तरे घेऊन. अम्मीने विचारले, "कसा गेला?"

तो लेखनिकाकडे मान वळवून, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "याचं अक्षर फार घाण आहे."