बारा वाजताचा जपानी डबा

जपानी जेवण म्हटले की आपल्याला सुशी आठवते. टीव्हीवर पाहिलेली, सुबक, महागडी, कच्च्या माशाची. पण टोकियोतल्या कचेरीत काम करणारी बाई काही रोज दुपारी सुशी खात नाही, जशी पुण्यातली बाई रोज पुरणपोळी खात नाही. मग ती खाते काय? कुठून आणते? किती पैसे पडतात? आणि ते रांधते कोण? आज आम्ही हेच सांगणार आहोत.

झटपट मिळणारे जेवण म्हणजे कसेतरी उरकलेले जेवण, असे आपण धरून चालतो. जपानी डब्याची गोष्ट वेगळे सांगते. तिथे खाणाऱ्याला जेवण दोन मिनिटांत मिळते, कारण कुणीतरी पहाटेपासून उभे राहून ते तयार केलेले असते.

आधी जागा डोळ्यांपुढे आणू. टोकियोच्या जुन्या, सखल भागाला शितामाची म्हणतात. अर्थ सरळ आहे, खालचे गाव. पूर्वी उंचवट्यावर सरदारांचे वाडे होते आणि खाली कारागीर, व्यापारी, कोळी राहत. निहोनबाशी हा त्यातलाच एक भाग. दुसऱ्याचे नाव तर चक्क कांदा! आज तिथे कचेऱ्यांच्या उंच इमारती आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी, गल्लीबोळांत, डब्यांची छोटी दुकाने. डब्याला जपानीत बेंतो म्हणतात आणि डब्याच्या दुकानाला ओबेंतोया. आत बसायला जागा बहुधा नसतेच. रस्त्याकडे तोंड केलेले टेबल, त्यावर झाकण लावलेल्या डब्यांच्या चळती, प्रत्येकावर किंमत.

डब्यात काय असते? अर्ध्या भागात पांढरा भात. उरलेल्या भागात तळलेल्या कोंबडीचे तुकडे किंवा भाजलेल्या माशाचा काप, गोडसर अंड्याच्या पोळीची एक वडी, थोडी शिजवलेली भाजी आणि चिमूटभर लोणचे. सगळ्यात स्वस्त असतो नोरी बेंतो. त्यात भातावर नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ पापुद्रा पसरलेला असतो आणि वर तळलेला मासा. ज्यांना तेवढीही सवड नसते, ते ओनिगिरी घेतात. ओनिगिरी म्हणजे भाताचा तिकोनी मुटका. आत खारवलेला मासा किंवा उमेबोशी नावाचे आंबट-खारट फळ असते आणि बाहेरून नोरी. हातात धरून चार-पाच घासांत संपते.

असे विकतचे खाणे जपानला नवे नाही. निहोनबाशीत पूर्वी मोठा मासळीबाजार होता. पहाटेपासून राबणाऱ्या माणसांना पोटभर आणि पटकन हवे असायचे. तिथेच १८९९ मध्ये योशिनोया नावाचे दुकान निघाले. भातावर कांद्याबरोबर शिजवलेल्या गोमांसाचे पातळ काप, एवढाच पदार्थ. बाजार पुढे तिथून हलला, पण त्या दुकानाची आज मोठी साखळी झाली आहे. १९७६ मध्ये टोकियोजवळच्या साइतामा प्रांतात होक्का होक्का तेई हे दुकान सुरू झाले. गरम भात भरलेला डबा तिथे घरी न्यायला मिळू लागला आणि अशी दुकाने देशभर पसरली.

या खाण्यासाठी जपानी भाषेत एक नेमका शब्द आहे, नाकाशोकू. म्हणजे मधले खाणे. घरी रांधून घरी खाणे हे एक टोक, हॉटेलात बसून खाणे हे दुसरे. रांधलेले विकत आणून घरी किंवा कचेरीत खाणे, ते मधले. आपल्याकडे पोळीभाजी केंद्रे आली, बचतगटांचे डबे आले, पण या प्रकाराला एकच नाव काही मिळाले नाही. मुंबईचे डबेवाले घरचा डबा कचेरीत पोचवतात. म्हणजे डबा प्रवास करतो, पण रांधणारी घरचीच राहते. नाकाशोकूत घरचा स्वयंपाकच दुकानात जातो. बाईच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आता दुसरा प्रश्न. नेमकी बारा वाजताच रांग का लागते? त्याचे एक कारण कायद्यात आहे. १९४७ च्या जपानी कामगार कायद्याच्या ३४व्या कलमानुसार सहा तासांहून अधिक काम असेल तर किमान ४५ मिनिटांची आणि आठ तासांहून अधिक असेल तर किमान एक तासाची सुट्टी द्यावीच लागते. ती सर्वांना एकाच वेळी द्यावी, असाही नियम आहे. म्हणून पुष्कळ कचेऱ्यांची दारे बाराच्या ठोक्याला एकदम उघडतात. दुकाने, हॉटेले अशा काही व्यवसायांना मात्र एकाच वेळेची अट नाही. ते साहजिकच आहे, सगळेच एकदम जेवायला बसले तर वाढणार कोण? म्हणजे डबा विकणारीचे जेवण सगळ्यांचे झाल्यावर. हे आपल्याला नवीन नाही, होय ना?

रांग भराभर सरकते, कारण पदार्थ मोजके असतात आणि डबे आधीच भरलेले असतात. पुष्कळ दुकानांत पैसे घेताना एक प्रश्न येतो, "इथेच खाणार की घेऊन जाणार?" हा नुसता शिष्टाचार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानने विक्रीकर वाढवून दहा टक्के केला, पण घरी न्यायच्या खाण्यावर तो आठ टक्केच ठेवला. त्यामुळे तोच डबा दुकानातल्या खुर्चीवर बसून खाल्ला तर दोन टक्के महाग पडू लागला.

पण मैत्रिणींनो, या सगळ्याचा खरा आधार आहे भात. आपला भात गरम असताना छान लागतो, गार झाला की फडफडीत आणि कडक होतो. जपानी भात गार झाला तरी मऊ राहतो. याचे कारण तांदळाच्या जातीत आहे. तांदळातल्या पिष्टाचे दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर लवकर कडक होतो. जपानी आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज कमी, म्हणून तो चिकट होतो आणि गारही खाता येतो. आपला मावळातला इंद्रायणी असाच थोडा चिकट. घरी मुटके करून पाहायचे असतील तर बासमती घेऊ नका, इंद्रायणी घ्या. हात मिठाच्या पाण्याने ओले करा आणि हलकेच दाबा. फार आवळला तर लगदा होतो.

इथे एक इशारा मात्र नीट ऐका. कच्च्या तांदळात काही जिवाणूंची बीजे असतात आणि ती शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ती रुजतात आणि विष तयार होते. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उलट्या होतात त्या बहुधा यामुळे. म्हणूनच जपानी डब्यात भात वाफ जाईपर्यंत निववून मगच झाकण लावतात. गरम भातावर झाकण घातले तर वाफेचे पाणी होते आणि डबा लवकर खराब होतो. उमेबोशीचा आंबटपणा आणि मीठ यांचा उपयोग होतो, पण फळाच्या आसपासच्या भातापुरताच. आपल्या उन्हाळ्यात साधा भात डब्यात दोन तासांहून जास्त ठेवू नये हे बरे. पारा बत्तीसच्या वर गेला तर तासाभरातच खावा. शेतावर न्यायला भाकरीच चांगली, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

ज्या मैत्रिणींची मुले-सुना जपानमध्ये आहेत, त्यांच्यासाठी थोडे शाकाहाराबद्दल. टोकियोच्या निशि-कासाई भागात बरीच भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठी घरेही आहेत. तिथे नव्याने गेलेल्याची फसगत दिसणाऱ्या माशाने होत नाही, न दिसणाऱ्या माशाने होते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचे सार. ते बहुधा कोम्बू या समुद्री वनस्पतीचे आणि धुरावर वाळवलेल्या माशाच्या किसाचे करतात. मिसोचे सार, शिजवलेली भाजी, अंड्याची पोळी, शेवयांचा रस्सा, सगळीकडे ते असू शकते. मिरिन नावाच्या गोड पाकात मद्यार्क असतो. काकडीची छोटी सुशी, म्हणजे काप्पामाकी, हा त्यातल्या त्यात सोपा पर्याय. गोडसर तोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारीझुशी शाकाहारी दिसते, पण ते तोफूही अनेकदा दाशीतच शिजवतात. तेव्हा "मांस नको" एवढे सांगून भागत नाही, "माशाचे सारही नको" असे सांगावे लागते.

आता पैशांचे पाहू. पाचशे येनच्या एका नाण्यात दुपारचे जेवण, ही टोकियोत स्वस्ताईची जुनी खूण. पाचशे येन म्हणजे आपले जवळपास तीनशे रुपये. ऐकायला महाग वाटते. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियोत तासाची किमान मजुरी ११६३ येन ठरली होती. म्हणजे सगळ्यात कमी पगारावरच्या बाईलाही असा डबा अर्ध्या तासाच्या कमाईत परवडत होता. तुम्ही आपापल्या गावचा हिशेब करून पाहा. भाजी, पोळी, भात, थोडी उसळ असे एक पूर्ण ताट बाहेर केवढ्याला मिळते, आणि ते मिळवायला आपल्याकडच्या मजूर बाईला किती तास राबावे लागते?

अलीकडे मात्र ते नाणे पुरेनासे झाले आहे. २०२५ मध्ये जपानमध्ये तांदूळ कडाडला. मे महिन्यात पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. त्याच वेळी तिथले कृषिमंत्री ताकू एतो यांनी भाषणात सांगितले, की मला तांदूळ कधी विकत घ्यावा लागला नाही, समर्थकच भरपूर देतात. लोक एवढे चिडले की त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. सरकारला राखीव साठ्यातला तांदूळ बाजारात आणावा लागला. ज्या डब्याचा अर्धा भाग भात आहे, तो विकणाऱ्या छोट्या दुकानदारणीचे काय झाले असेल, याचा अंदाज घरचा किराणा भरणाऱ्या कुणालाही येईल.

आणि शेवटचा प्रश्न, रांधते कोण? गल्लीतल्या दुकानात अनेकदा नवरा-बायको किंवा शेजारच्या दोन-तीन बायका असतात. चोवीस तास उघड्या राहणाऱ्या दुकानांतले डबे मात्र कारखान्यांत भरले जातात, रात्रपाळीतसुद्धा. सरकत्या पट्ट्यासमोर उभे राहून एकीने भात घालायचा, दुसरीने मासा ठेवायचा, तिसरीने लोणचे. लेखिका नात्सुओ किरिनो यांची १९९७ मधली 'आउट' ही कादंबरी अशाच कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या चार बायकांची आहे. गोष्ट गुन्ह्याची असली तरी त्यातली थकलेली शरीरे खरी वाटतात. तेव्हा विकतच्या डब्याने बाईची सुटका झाली, असे सरसकट म्हणता येत नाही. एका बाईची पहाट मोकळी झाली ती दुसऱ्या बाईच्या रात्रीमुळे. त्या रात्रीची मजुरी, विश्रांती आणि सुरक्षित घरपोच प्रवास हे सारे डब्याच्या किमतीत धरलेले आहे की नाही, हे विचारायला हवे. आपल्या गावात बचतगट डबे विकत असतील तर हाच हिशेब मांडा. तांदूळ, तेल, गॅस आपण लिहितो. स्वतःचे तास लिहितो का?

या डब्यातून आपण उचलावे असे दोन गोष्टींपुरते सांगतो. पहिली, भरायचे माप. जपानमध्ये एक सोपे प्रमाण शिकवतात, तीन-एक-दोन. डब्याचे सहा भाग धरा. तीन भाग पोळी किंवा भात, एक भाग उसळ, अंडे किंवा मासा, आणि दोन भाग भाजी-कोशिंबीर. आपल्या डब्यात हे दोन भाग बहुधा कमी पडतात.

दुसरी गोष्ट वेळेची. तिथे दुपारच्या जेवणाची वेळ कायद्याने राखलेली आहे, माणसाच्या मर्जीवर सोडलेली नाही. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती दिली. पण घरात, शेतात, लोकांच्या घरी भांडी घासताना हा अर्धा तास कुणी मोजत नाही. सगळ्यांचे झाल्यावर, उरलेले, उभ्याउभ्या, असे खाणे हे आपल्या अशक्तपणामागचे एक कारण आहे. म्हणून सकाळी घरच्यांचे डबे भरताना एक डबा स्वतःचाही भरा. घरीच असलात तरी भरा. दुपारी तो उघडा आणि बसून खा.

पुढच्या वेळी बचतगटाच्या डब्याची किंमत कशी ठरवायची, ते वही-पेन्सिल घेऊन पाहू.