जमिनीत पैसे घालायचेत? कंपनीलाही लावा आपली पंचसूत्री



सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की गावात एखादी गाडी येते. हातात रंगीत पुस्तिका. "आमची कंपनी जागा घेते, बांधकाम करते, नफा तुम्हाला देते. विश्वास आणि पारदर्शकता ही आमची मूल्ये." ऐकायला बरं वाटतं. पण मूल्ये पुस्तिकेत नाही, व्यवहारात दिसतात. आपला गट आपण पंचसूत्रीवर तपासतो ना? मग कंपनीलाही तीच लावू या.

१. बैठक : कंपनी कुठे भेटते? चांगली कंपनी स्वतः जागेवर उभी राहून काम करते आणि गुंतवणूकदाराला जागा दाखवते. फक्त हॉटेलात सभा घेत असेल तर सावध व्हा.

२. बचत : कंपनीचा स्वतःचा पैसा किती? फक्त आपलाच पैसा असेल, तर बुडताना आपणच बुडणार.

३. कर्ज : आपला पैसा जातो कुठे? ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगची किंवा आठपेक्षा जास्त घरांच्या नव्या प्रकल्पाची महारेरात नोंदणी लागते. त्याआधी जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही.

४. परतफेड : नफा येणार कशातून? भाड्यातून की विक्रीतून? जागा रिकामी राहू शकते, भाव पडू शकतो, पैसा अडकू शकतो. खरी कंपनी हे आधीच सांगते. "पाच वर्षांत दुप्पट, गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

५. लेखे : सातबारा स्वतः काढा. मालक कोण, 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा आहे का, ते बघा. प्लॉट असेल तर बिगरशेतीचा कागद मागा. अनेकांचे पैसे एकत्र करून योजना चालवत असतील, तर सेबीची नोंदणी विचारा. रोख देऊ नका. पावती म्हणजे खरेदीखत नव्हे.

हे सगळं कशाला? 'पर्ल्स' आठवते का? पीएसीएल कंपनीने शेतजमिनीच्या नावाने देशभरातल्या कोट्यवधी लोकांकडून पैसे घेतले. २०१४ साली सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने त्यासाठी निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमायला लावली. लोकांच्या हातात कागद होता, पण बहुतेकांच्या नावावर जमीन झालीच नव्हती.

आणखी एक. एजंट आधी अध्यक्ष-सचिव ताईंना गाठतो. "दहा जणी आणा, कमिशन घ्या." त्याला आपले पैसे तर हवेतच, पण त्याआधी हवा असतो आपल्या ताईवरचा गावाचा विश्वास. कंपनी पळून जाईल, ताईला मात्र त्याच गल्लीत राहायचंय. म्हणून गटाचा पैसा अशा योजनेत घालूच नका, आणि गटाच्या बैठकीत एजंटाला बसवू नका.

फसवणूक झालीच तर लाजू नका. पावत्या घेऊन पोलिसांकडे जा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा. ज्या घरात पुस्तिका आली असेल, त्या ताईला आधी विचारा.