एका गुणाची किंमत

व्हिडिओ गेम तयार करणारा स्वतंत्र स्टुडिओ आणि तो विकणारा बडा प्रकाशक यांच्यातील करार वरकरणी दोन समान पक्षांचा दिसतो. परंतु खेळ पुरा होईपर्यंत पगार भागवायचे तर स्टुडिओला प्रकाशकाची उचल घ्यावी लागते. आणि उचल देणाराच अटी लिहितो.

कॅलिफोर्नियातील ऑब्सिडियन स्टुडिओने बेथेस्डा या प्रकाशकासाठी केलेला ‘फॉलआउट: न्यू वेगास’ २०१० साली निघाला. काही आठवड्यांतच पन्नास लाख प्रती रवाना झाल्याचे प्रकाशकाने जाहीर केले. स्टुडिओच्या वाट्याला काय आले? एका संस्थापकाने २०१२ मध्ये सांगितले, की ठरीव रक्कम मिळाली, रॉयल्टी नव्हतीच. बोनस होता, पण मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरील समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ झाली तरच. ती ८४ झाली.

मोबदला खपाशी जोडला असता तर समजण्यासारखे होते. येथे तो कराराशी काडीचाही संबंध नसलेल्या समीक्षकांच्या हाती गेला. त्यांनी बोट ठेवले ते प्रामुख्याने तांत्रिक दोषांवर. आणि काम उरकायला मुदत होती जेमतेम दीड वर्षाची!

त्याच २०१२ मध्ये ऑब्सिडियनने थेट खेळाडूंकडून सुमारे चाळीस लाख डॉलरची वर्गणी जमवली. त्यातून झालेला ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ २०१५ साली पॅराडॉक्सने प्रकाशित केला. हक्क मात्र स्टुडिओकडेच राहिले. भांडवल हाती असताना केलेला करार तो असा. पुढे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑब्सिडियन विकत घेतले, आणि २०२१ मध्ये बेथेस्डाही.